भाड्याची खुर्ची



माझ्या परिचयाच्या एक बाई पुण्यांत कोथरूडला राहतात. एका संगणक कंपनींत त्यांची नोकरी आहे. कंपनीची कचेरी बंगळूरला, आणि बाईंचें काम सारें घरून. गेल्या वर्षीं त्यांनीं घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर असलेल्या एका इमारतींत एक टेबल व एक खुर्ची मासिक भाड्यानें घेतली. घरांत ही बातमी कळली तेव्हां त्यांच्या सासूबाई, ज्यांनीं स्वतः तेहेतीस वर्षें सरकारी नोकरी केली आहे, एवढेंच म्हणाल्या, “आम्ही कचेरींत जाऊन बसत असूं, म्हणून सरकार आम्हांस पगार देई. तुला पगार मिळतो घरीं बसून, आणि कचेरींत बसण्यासाठीं तूंच पदरचे पैसे मोजणार! यांतली सुधारणा कोणती, तें मला समजावून सांग.”

बाईंना तें त्या वेळीं नीट समजावतां आलें नाहीं. आजचें माझें भाषण म्हणजे त्या सासूबाईंना द्यावयाचें उत्तर आहे असें समजावें. मात्र त्यांचा प्रश्न चुकीचा होता असें मी मुळींच म्हणणार नाहीं.

अशा जागेस ‘कोवर्किंग स्पेस’ म्हणतात, आणि आपलीं वर्तमानपत्रेंहि तेंच नांव देवनागरींत छापतात. मी आज तिला सामायिक कचेरी म्हणणार आहें. सामायिक हा शब्द मीं मुद्दाम घेतला. आपल्याकडे विहीर सामायिक असते, बांध सामायिक असतो, भिंत सामायिक असते; आणि या तिन्हींपासून होणारी सोय व तिन्हींवरून होणारे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या नव्या कचेरीचें निम्में वर्णन ऐकण्यापूर्वींच ठाऊक आहे. उरलेलें निम्में असें: एखाद्या इमारतीचा एक मजला, त्यांत लांबच लांब टेबलें, प्रत्येक खुर्चीजवळ विजेची जोडणी, सर्वत्र इंटरनेट, एका कोपऱ्यांत कॉफीचें यंत्र, कडेनें लहान मंडळ्यांनीं भाड्यानें घेतलेल्या कांचेच्या खोल्या, आणि फोनवर बोलण्यासाठीं कपाटाएवढ्या दोनचार पेट्या. खुर्ची दिवसाच्या बोलीनें मिळते, महिन्याच्याहि बोलीनें मिळते. रोज रिकामी सांपडेल ती घ्यावयाची असेल तर भाडें कमी. कायमची एकच हवी असेल तर अधिक. शेजारीं कोण बसेल याचा नेम नाहीं. कोणी हिशेबनीस असतो, कोणी भाषांतरकार, कोणी परदेशांतील बँकेचें काम पाहणारा. एका छताखालीं पन्नास माणसें, आणि त्यांचे धनी पन्नास.

घरून काम करण्याची कल्पना कोरोनाच्या सांथीनें जन्मास घातली असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंत जॅक निल्स नांवाच्या शास्त्रज्ञानें ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला. लॉस एंजेलिससारख्या शहरांत हजारों माणसें रोज मोटारींतून कामाकडे नेण्याऐवजीं कामच तारेवरून माणसांकडे कां नेऊं नये, असा त्याचा सवाल होता. एका विमा कंपनीच्या नोकरांवर त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हा प्रयोग करून पाहिला. आतां यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, तीं माणसें घरीं बसलींच नाहींत. तीं आपापल्या घराजवळच्या लहान शाखांत जाऊन काम करूं लागलीं. त्या काळीं घरांत ठेवण्याजोगें यंत्रच नव्हतें. त्यामुळें मोठी कचेरी आणि घर यांच्या मध्यें एक टप्पा असणें ओघानेंच आलें. पुढें यंत्र लहान झालें, मांडीवर बसूं लागलें, आणि तो मधला टप्पा आपण विसरलों. कचेरी थेट स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली. आजची सामायिक कचेरी ही त्या विसरलेल्या टप्प्याची आठवण आहे, असें मला वाटतें.

ती आठवण पहिल्यानें कोणास झाली तेंहि सांगतों. ऑगस्ट २००५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें ब्रॅड न्यूबर्ग या तरुण संगणकतज्ज्ञानें आठवड्यांतून दोन दिवस एक जागा घेऊन तेथें टेबलें मांडलीं. स्वतंत्रपणें काम करण्याचें सुख सोडावयाचें नाहीं, पण कचेरीची शिस्त आणि सोबत मात्र हवी, एवढाच त्याचा हेतु. पहिला महिनाभर तेथें कोणीहि फिरकलें नाहीं. जेवण सर्वांनीं बरोबर करावयाचें आणि पावणेसहाला जागा बंद करावयाची, असा तेथला शिरस्ता होता. हें पावणेसहाचें टाळें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. मी त्याकडे पुन्हां येणार आहें.

पुढें या साध्या गोष्टीचा प्रचंड व्यापार झाला. २०१० सालीं न्यूयॉर्कमध्यें निघालेली वीवर्क ही कंपनी त्यांत अग्रेसर. २०१९ सालीं तिची भागविक्री ऐन वेळीं मागें घ्यावी लागली, व नोव्हेंबर २०२३ मध्यें तिनें अमेरिकेंतील न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या वर्षीं पुनर्रचना होऊन ती त्यांतून बाहेर पडली. भारतांतील त्याच नांवाची कंपनी निराळ्या मालकीची असल्यानें त्या प्रकरणांत सांपडली नाहीं. पण धंद्याचें मर्म सर्वत्र सारखेंच आहे. इमारत पुष्कळ वर्षांच्या करारानें घाऊक घ्यावयाची, आणि खुर्ची महिन्याच्या बोलीनें किरकोळ विकावयाची. खुर्च्या रिकाम्या पडल्या तरी इमारतीचें भाडें चुकत नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं वर्षाचें भाडें आगाऊ भरा, सवलत देतों, असें कोणी म्हणालें तर घाई करूं नये. ज्याच्या हातांत आपण पैसे देतों तो बहुधा इमारतीचा मालक नसतो, स्वतःच एक भाडेकरू असतो.

आतां घराकडे वळूं. २४ मार्च २०२० च्या रात्रीं टाळेबंदी जाहीर झाली आणि लाखों कचेऱ्या एका रात्रींत घराघरांत शिरल्या. त्या वेळीं तक्रार करण्यास कोणास जागा नव्हती. परंतु सांथ ओसरली, आणि कित्येक कंपन्यांनीं पाहुण्यासारखी आलेली ती कचेरी कमीअधिक प्रमाणांत आपल्या घरींच ठेवली. आपलीं घरें या पाहुणीसाठीं बांधलेलीं नव्हतीं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पतीचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला पत्नीचा, मध्यें लोणच्याची बरणी. दर अर्ध्या तासानें घंटा: कधीं कुरिअर, कधीं गॅसचा सिलिंडर, कधीं इस्त्रीचे कपडे. जो घरीं आहे तो मोकळा आहे, हा आपल्या कुटुंबाचा अलिखित कायदा आहे. आणि जी घरीं आहे ती तर सर्वांसाठींच मोकळी आहे. कोथरूडच्या त्या बाईंनीं मला सांगितलें कीं, कुकरच्या तीन शिट्ट्या मोजणें आणि अमेरिकेंतील गिऱ्हाइकाचें गाऱ्हाणें ऐकणें हीं दोन कामें एकाच वेळीं करण्याची विद्या त्यांना साध्य झाली होती. त्यांचे पति निजण्याच्या खोलीचें दार लावून बसले, म्हणजे ते काम करीत आहेत हें घर आपोआप समजे. त्यांनीं स्वतः दार लावलें, कीं बरें वाटत नाहीं का, असें विचारावयास कोणी तरी दारावर थाप मारी. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. प्रश्न काळजीपोटींच विचारला जाई, आणि म्हणूनच त्यावर रागावतांहि येत नसे.

या विषयावर चीनमध्यें झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवास-कंपनीनें २०१० च्या अखेरीस आपल्या दूरध्वनी-विभागांतील कांहीं स्वयंसेवक नोकरांना नऊ महिने, आठवड्यांतून चार दिवस, घरून काम करूं दिलें. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा अभ्यास करून २०१५ सालीं निष्कर्ष छापले. घरून काम करणारांचें काम १३ टक्क्यांनीं वाढलें, आणि नोकरी सोडून जाणारांचें प्रमाण निम्म्यावर आलें. घरून कामाचे कैवारी येथवरच सांगतात. पुढची हकीकत अशी कीं, प्रयोग संपल्यावर ज्याला जें हवें तें निवडूं दिलें, तेव्हां घरीं बसलेल्यांपैकीं सुमारें अर्धे लोक आपण होऊन कचेरींत परतले. एकाकीपणा हें त्यांचें मुख्य कारण. शिवाय, काम सारखेंच चांगलें असूनहि, घरीं बसलेल्यांच्या वांट्याला बढत्या कमी आल्या होत्या; डोळ्यांआड गेलेल्या माणसाचें नांव बढतीच्या वेळीं ओठांवर येत नाहीं. आणि आणखी एक तपशील आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या प्रयोगांत भाग घेण्यासाठीं एक अट अशी होती कीं, घरीं कामाच्या वेळांत आपली स्वतंत्र अशी खोली असली पाहिजे. म्हणजे ते १३ टक्के स्वतंत्र खोली असलेल्यांचे आहेत. दोन खोल्यांत पांच माणसें राहणाऱ्या डोंबिवलीच्या किंवा धनकवडीच्या बिऱ्हाडाला तो आंकडा लागू करतांना जरा थांबावें. आणि खोली असलेलेहि निम्मे परत फिरले, हें तर विसरूंच नये.

या पार्श्वभूमीवर भाड्याच्या खुर्चीचें महत्त्व ध्यानांत येईल. ती विकते काय? टेबल घरीं आहे, वीज घरीं आहे, चहा तर घरचाच चांगला. ती विकते एक उंबरठा. सकाळीं कपडे बदलून, चपला घालून, दहा मिनिटें चालून माणूस कोठें तरी पोहोंचतो, आणि सायंकाळीं तेथून निघतो. या दोन घटना दिवसाला दोन कडा देतात. घरून काम करणाराच्या दिवसाला कडाच नसतात. तो रात्रीं अकरा वाजतांहि ‘एवढें एक पत्र पाठवितों’ म्हणत असतो. न्यूबर्गचें पावणेसहाचें टाळें मला म्हणूनच आवडतें. आजच्या सामायिक कचेऱ्या चोवीस तास उघड्या राहण्याची जाहिरात करतात, आणि ज्या गोष्टीसाठीं माणसानें तेथें जावें तीच त्या मोठ्या अभिमानानें मोडून टाकतात.

पुण्याच्या पेठांना ही युक्ति परकी नाहीं. स्पर्धापरीक्षांसाठीं गांवोगांवांहून आलेलीं मुलें कॉटबेसिसवर राहतात, आणि महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेंत एक जागा घेतात. अभ्यासिकेचा मालक त्यांना कांहींएक शिकवीत नाहीं. एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता, एवढाच सौदा. तरी तीं मुलें पोटाला चिमटा घेऊन पैसे देतात, कारण शेजारचा उठत नाहीं तोंवर आपल्यालाहि उठवत नाहीं. अनोळखी माणसाच्या नुसत्या बसण्यानें आपली बैठक पक्की होते. मीं स्वतः एका सामायिक कचेरींत पंधरवडाभर जाऊन पाहिलें, तेव्हां पहिल्या दोन दिवसांत हाच अनुभव आला. घरीं तीन दिवस घेणारें लिखाण तेथें एका दिवसांत उरकलें, हें मला प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

तिसऱ्या दिवशीं मात्र अभ्यासिका आणि सामायिक कचेरी यांतील फरक कळला. अभ्यासिकेंत वाचावयाचें असतें. येथें प्रत्येकाचें काम म्हणजे बोलणें. माझ्या उजवीकडील गृहस्थ एका अपरिचित कुटुंबाच्या शस्त्रक्रियेचा विमा कां नामंजूर झाला, याची सर्व हकीकत नांवानिशीं फोनवर सांगत होते. ती मला ऐकावयाची नव्हती, आणि त्या कुटुंबालाहि ती मला ऐकवावयाची नसणार. बोलण्याच्या पेट्या होत्या दोन. त्यांतील एक कोणा तरुणानें सकाळपासून अडविलेली, दुसरींतला दिवा बिघडलेला. दुसऱ्याच्या पैशाचीं, आजाराचीं किंवा खटल्याचीं कामें करणारांनीं उघड्या टेबलावर बसूं नये, असें माझें स्पष्ट मत त्या दिवशीं झालें. त्यांनीं बंद खोली घ्यावी, नाहीं तर घरींच बसावें. पडद्यावरचा मजकूर मागून जाणाऱ्याला दिसतो, आणि ज्या इंटरनेटवर पन्नास परके जोडलेले आहेत तें आपल्या घरच्या इतकें खाजगी नसतें; हेंहि पुष्कळांच्या गांवीं नसतें.

आणि सोबत? त्याविषयीं थोडें धीरानें बोललें पाहिजे. जाहिरातींत सर्वांत ठळक अक्षरांत जी वस्तु छापलेली असते तीच प्रत्यक्षांत सर्वांत उशिरां मिळते. पंधरा दिवसांत माझ्याशीं आपण होऊन बोललेलीं माणसें तीन. पैकीं एकानें चार्जर मागितला. सर्वांच्या कानांत बोंडे. हा कांहीं पुणेरी स्वभावाचा दोष नव्हे. हार्वर्डच्या दोघां संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, भिंती पाडून मोकळी बैठक केलेल्या दोन कंपन्यांमध्यें माणसांचें समोरासमोर बोलणें वाढण्याऐवजीं सुमारें ७० टक्क्यांनीं घटलें, आणि संगणकावरून निरोप धाडणें वाढलें. एका कंपनीच्या नोकरांची ही गत, तर धनी निरनिराळे असलेल्यांची काय कथा! व्यवस्थापकांना हें कळतें, म्हणून शुक्रवारीं चार वाजतां तंबोल्याचा खेळ असतो. मी एकदां गेलों होतों. सर्वजण फार सभ्यपणें खेळले, व नंतर आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले. परंतु कोथरूडच्या बाई म्हणतात, सहा महिने जाऊं द्यावे. त्यांना आतां तेथें दोन मैत्रिणी आहेत. डबा तिघी मिळून खातात, आणि त्यांतल्या एकीनें त्यांना नव्या नोकरीची बातमीहि आणून दिली. ओळख ही तेथें भाड्यांत मिळत नाहीं. ती त्याच जागीं, त्याच वेळीं, त्याच माणसांसमोर पुन्हां पुन्हां दिसण्यानें मिळते. म्हणून ज्यांना सोबत हवी त्यांनीं रोज नव्या खुर्चीची स्वस्त बोली घेऊं नये.

अंतराविषयीं एकच वाक्य: खुर्ची पायीं जाण्याच्या पल्ल्यांत नसेल, आणि तिच्यासाठीं पुन्हां रहदारींत तासभर अडकून बसावयाचें असेल, तर निल्सच्या मूळ कल्पनेचा बोजवाराच उडाला म्हणावयाचा.

आतां पैसे, आणि येथें मी सासूबाईंच्या बाजूचा आहें. भाड्यावर १८ टक्के वस्तु-सेवा कर पडतो. वर जेवणाखाण्याचा खर्च. हा भार कोणी उचलावा? स्वतंत्र धंदा करणारा मनुष्य, समजा एखादा चित्रकार, हें भाडें आपल्या धंद्याचा खर्च म्हणून दाखवितो, आणि तेवढ्या उत्पन्नावरील प्राप्तिकर त्याला द्यावा लागत नाहीं. त्याच टेबलावर त्याच्या शेजारीं बसणाऱ्या पगारदाराला तशी सोय नाहीं. त्याला एक ठराविक वजावट मिळते. खुर्चीचे पैसे खिशांतून दिले काय, न दिले काय, ती वजावट तेवढीच. दुसऱ्या बाजूनें त्याच्या धन्याचा हिशेब पाहा. मोठ्या शहरांतील इमारतीचें भाडें वांचलें, वीज वांचली, उपाहारगृह वांचलें, झाडलोट वांचली. वांचलेल्या या खर्चाचा मोठा वांटा नोकराच्या घरांत जाऊन बसला आहे: त्याच्या विजेच्या बिलांत, त्याच्या पाठदुखींत, त्याच्या कुटुंबाच्या गप्प बसण्यांत. कांहीं कंपन्या खुर्चीचें भाडें देतात किंवा स्वतःच ठिकठिकाणीं खुर्च्या घेऊन ठेवतात, त्यांचें कौतुक केलें पाहिजे. ज्या देत नाहींत त्यांच्याकडे मागण्यास संकोच कसला? कारखान्यांतील कामगाराला कोणी सांगत नाहीं कीं यंत्र ठेवण्यापुरती जागा तुझी तूं भाड्यानें घे. पांढरपेशा माणसाला मात्र हें सांगावेंहि लागत नाहीं. तो मुकाट्यानें घेतो, आणि वर कंपनीचे आभार मानतो कीं तिनें घरून काम करूं दिलें.

अशी खुर्ची घ्यावयाची ज्यांनीं ठरविलें असेल त्यांना एक व्यवहाराची सूचना करतों. जागा सकाळीं पाहूं नये. सोमवारीं दुपारीं तीनच्या सुमारास जावें, दिवसाचें भाडें भरून तीन तास बसावें, आणि कानांत कांहींहि न घालतां ऐकावें. वीज गेल्यावर काय होतें तें विचारावें. खुर्चीची पाठ दाबून पाहावी. आणि रोज जाण्याचा आग्रह धरूं नये. त्याच सीट्रिप कंपनींत पुढें झालेल्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत, आठवड्यांतून दोन दिवस घरीं व उरलेले कचेरींत अशी वांटणी केली असतां कामांत कांहीं घट झाली नाहीं, आणि नोकरी सोडणारांची संख्या मात्र एकतृतीयांशानें उतरली. आठवड्यांतून तीन दिवस खुर्ची आणि दोन दिवस घर, हा बेत खिशालाहि परवडतो आणि घरालाहि.

मोठीं शहरें सोडून सावंतवाडी, चिपळूण यांसारख्या आपल्या गांवीं परतलेल्या तरुणांची अडचण निराळी आहे. त्यांच्याकडे खोल्या पुष्कळ; पावसाळ्यांत वीज आणि इंटरनेट टिकत नाहीं. तेथें व्यापारी सामायिक कचेरी निघेलच असें नाहीं, कारण गिऱ्हाइकें थोडीं. पण तेथें दुसरी एक सामायिक जागा पिढ्यान् पिढ्या उभी आहे. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं अनुदान मिळणारीं वाचनालयें आज महाराष्ट्रांत हजारोंनीं आहेत. त्यांतील कित्येकांच्या खोल्या दुपारीं रिकाम्या असतात. एक खोली, चार टेबलें, वीज गेल्यास चालणारें एक इन्व्हर्टर आणि माफक फी, एवढ्यावर तालुक्याच्या गांवीं ही सोय होऊं शकेल, आणि वाचनालयाला चार पैसेहि मिळतील. फक्त फोनवर बोलावयाची खोली वेगळी ठेवावी, नाहीं तर वर्तमानपत्र वाचावयास येणारे वृद्ध सभासद दुसऱ्याच दिवशीं लेखी तक्रार करतील, आणि ती रास्त असेल.

कोथरूडच्या बाईंनीं खुर्ची सोडली नाहीं. आतां त्या आठवड्यांतून तीन दिवस जातात. त्या दिवशींचा दुपारचा चहा सासूबाई आपला आपण करून घेतात, आणि आपल्याला यांत कांहीं त्रास नाहीं असें न विचारतां सांगतात. गेल्या महिन्यांत बाईंनीं कंपनीला पत्र लिहून निम्मे भाडें मागितलें; आजवरच्या पावत्या सोबत जोडल्या. पत्राचा मसुदा सासूबाईंनीं तपासला. तेहेतीस वर्षांच्या सरकारी लिखापढीची संवय. त्यांनीं एकच दुरुस्ती केली: विनंतीचा शब्द दोन ठिकाणीं आला होता, तो एका ठिकाणचा खोडला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.